बोटाला बांधलेलं शब्दकोडं

तेराव्या वर्षी मी फार हुशार होते. पुढे ती हुशारी उतरणीला लागली आणि आता नातवंडांच्या मते संपलीच आहे. पण तेव्हा, लढाईच्या दिवसांत, नगरच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकं शहाणं माणूस नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगायच्या आधीच मला कळलं होतं, एवढी मी हुशार होते.

या हुशारीचा पुरावा म्हणजे शब्दकोडी. वडील कचेरीत कारकून. कचेरीतले चौघे मिळून एक साप्ताहिक घेत आणि आळीपाळीने घरी नेत. वडील वयाने मोठे, म्हणून पहिली पाळी आमची, शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. अंक परत जाताना कोरा करकरीत लागे. त्यावर पेन्सिलीचा ठिपका दिसला तरी बाकीचे तिघे आठवडाभर नाक मुरडत. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, वहीची पानं मोजून वापरायची, आणि पाटीवर चौकोन मावले तरी त्यांत अक्षरं मावत नसत. म्हणून मी कोडं परसात जमिनीवर काढायची. सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने नऊ उभ्या, नऊ आडव्या घरांची चौकट. काळ्या घरांत चिंचोके ठेवायचे. अक्षरं रांगोळीच्याच चिमटीने, आणि चुकलं की तळव्याने पुसून वर पुन्हा. सगळं जमलं की ते लखोट्याच्या आतल्या बाजूला शाईने उतरवायचं. वडील कचेरीतले जुने लखोटे उलगडून घरी आणत, त्यांवर माझा हक्क.

मला सगळ्यांत आवडायची ती अक्षरांची सूत्रं. 'पत्र संपल्यावर पिण्याचे पेय', म्हणजे ताक. कारण सही करून पत्र संपवलं की खाली ता. क. लिहितात. 'मोठ्यांना केलेला नमस्कार, पण लहान', म्हणजे सान. साष्टांग नमस्काराचं सा. न. आपण पत्राच्या मायन्यात लिहितोच. असं एखादं सुटलं की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला घालायची. आई म्हणायची, "ताक घुसळून ठेवलंयस का ते सांग आधी."

त्याहून आवडायची ती स्वरांची. 'पहिला आणि पाचवा जोडीने आले की घरातले सगळे अंगणात.' सा आणि प. साप. 'चौथा, तिसरा, सहावा, जुने राज्य.' मगध. गाण्याशी माझा संबंध एवढाच. आमच्या घरात पेटी नव्हती. रे हा सा नंतर येतो हे मला ठाऊक होतं, पण तो वर चढून येतो की खाली उतरून, असं कोणी विचारलं असतं तर मी इकडेतिकडे पाहिलं असतं. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, सारेगम कोणाला येतं. मी हात वर केला आणि बेच्या पाढ्याच्या चालीवर म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "बस." मला वाटलं, इतकं चांगलं झालं की पुढचं ऐकायची गरज पडली नाही.

स्वरांची गणती मला तोंडपाठ नव्हती. सहावा कोणता हे हवं असेल तर दर वेळी सा पासून निघावं लागे. मी परसात मांडी घालून, डोळे मिटून, अंगठ्याने बोटांची पेरं मोजत पुटपुटायची, सा रे ग म प ध, सा रे ग म प ध. समोर चौकोनांत सुटी अक्षरं, मध्ये मध्ये चिंचोके. हे दृश्य दुसऱ्याला कसं दिसत असेल याचा विचार माझ्या त्या हुशार डोक्यात कधी आला नाही.

तो विचार दूधवाल्या मावशींनी केला.

मावशी सावेडीच्या. आता सावेडीत इमारतींना इमारती लागल्यात, माझी नातसून तिथेच राहते. तेव्हा ते शिवार होतं, आणि मावशींच्या घरी चार म्हशी आणि बाजरीचं रान. रोज सकाळी डोक्यावर चरवी घेऊन त्या चालत गावात येत आणि मागच्या दाराने परसात शिरत. त्या दिवशी मी पेरं मोजत बसले होते. डोळे उघडले तर मावशी चरवी खाली ठेवून, पायातलं काढून, चौकटीपासून चार हात लांब उभ्या.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये यंतर कशाचं म्हनायचं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मोठं माणूस माझ्यासमोर वहाणा काढून उभं राहण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. माझी नजर चौकटीत नुकत्याच भरलेल्या 'ताक' या शब्दावर होती. मी म्हटलं, "दुभत्याचं."

मावशी खालीच बसल्या. त्यांची मोठी म्हैस आठ दिवस पान्हा चोरत होती. रेडकू मामाच्या गावी दिलं आणि तेव्हापासून तिनं दूध वर ओढून घेतलेलं. "शिंगाला बांधाया येवढं कागदावर लिवून देशील का? लई पुन्य लागंल बघ."

मी आत जाऊन लखोटा आणला, कोडं उतरवलं, वर चारी कोपऱ्यांत मनाने एकेक श्री टाकला आणि दिला. आईला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी मावशी आल्या त्या मापावर ओंजळभर दूध जास्त घालत. म्हशीनं पान्हा सोडला होता. रेडकू परत आणून तिच्यापाशी बांधलं होतं, हे मला फार उशिरा कळलं; मावशींनी ते माझ्यापासून मुद्दाम लपवलं होतं असं नाही, मी विचारलंच नव्हतं.

आता या ठिकाणी एखाद्या साध्या मुलीला भीती वाटली असती. मला हिशेब सुचला. म्हशीच्या कोड्यात माझा एक शब्द चुकला होता, हे पुढच्या अंकातल्या उत्तरांवरून कळलं होतं. एक चूक असताना पाच दिवस लागले. तर मग अचूक कोड्याला किती लागतील? मी पुस्तकं वाचणारी, जंतरमंतराला हसणारी मुलगी. वडिलांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं मी त्या विषयावर मैत्रिणींना ऐकवत असे. पण कोडं बरोबर सुटलं तर गुण यायला हरकत काय, असं मला आतून पक्कं वाटू लागलं. मावशींच्या ओळखीच्या तिघी येऊन गेल्या. एकीची अर्धशिशी, एकीच्या जावयाचं तोंड वाकडं, म्हणजे रुसलेलं, आणि एकीच्या सुनेला दिवस जात नव्हते. मी तिघींना लखोटे दिले. देताना चेहरा असा करायची, की आज आरशात तो केला तर मला उचकी लागेल.

मग ते कोडं आलं. सगळं सुटलं आणि एक शब्द अडला. दोन अक्षरांचा. 'तिसरा आणि पाचवा शेजारी आले की गाणे बंद.' यात गाणं हा शब्द सरळ लिहिलेला होता. मी मात्र तिसरा आणि पाचवा वार धरला, मग महिना धरला, मग पांडवांपर्यंत गेले. अर्जुन आणि सहदेव शेजारी बसले तर गाणं का बंद होईल यावर मी दोन दिवस घालवले. बुधवारी सकाळी भांडी विसळताना एकदम उजेड पडला. ग आणि प. गप. तांब्या तसाच टाकून मी परसात धावले आणि दोन घरं भरली.

त्याच वेळी मावशी आल्या. उजव्या हाताचं मधलं बोट वर धरलेलं.

"नखुरडं झालंया," त्या म्हणाल्या. "रातभर ठनकतंय. धार काढाया बसवंना."

नखाच्या कडेला लाल, ताणलेलं, चकाकणारं. "दवाखान्यात जावं का म्हन्ते," त्या म्हणाल्या. "म्हातारा म्हनतो जा. पर म्हटलं आधी तुला इचारावं."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. दवाखान्यात जाऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. आणि माझ्या पायाशी नुकतं पुरं झालेलं, माझ्या मते अचूक असं पहिलंच कोडं पडलेलं होतं. मी म्हटलं, "कशाला? थांबा."

लखोट्याची पट्टी बारीक कापली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सगळी चौकट उतरवली, सुरळी केली, आईच्या लुगड्याच्या चिंधीत घालून मावशींच्या बोटाला स्वतः बांधली. "शनिवारपर्यंत सोडायचं नाही," मी बजावलं. शनिवार का? कारण शनिवारी उत्तरं यायची होती. तपासल्याशिवाय मला तरी कसं कळणार?

"पानी लागलं तर?"

"लागू द्यायचं नाही."

गुरुवारी मावशी आल्या, शुक्रवारीही आल्या, दूध डाव्या हाताने घातलं. मी "कसंय?" असं विचारलं. "ठनकतंय," त्या म्हणाल्या, "पर तुझा शनिवार व्हायचाय की अजून." मी मान डोलावली, वैद्य डोलावतात तशी.

शनिवारी वडील दुपारी घरी आले. टोपी खुंटीला लागायच्या आत मी अंक ओढून घेतला. एकेक शब्द ताडून पाहिला. आडवे सगळे बरोबर. उभे सगळे बरोबर. शेवटी गप. बरोबर. माझ्या जन्मात सगळं कोडं अचूक सुटण्याची ती एकमेव वेळ. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं मी कोडी सोडवतेय, दर वेळी कुठे ना कुठे शेपूट अडकतं. त्या दिवशी मी परसात एकटीने गिरकी घेतली आणि मनात म्हटलं, आता मावशींचं बोट बरं झालं असणार.

रविवारी सकाळी मावशी आल्या नाहीत. त्यांची सून आली. चरवी ठेवून ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

"आत्याबाईंनी इचारलंया," ती म्हणाली, "शनिवार झाला, आता सोडू का? हात मनगटापातूर सुजलाय. रातीपासनं ताप हाय. मामंजी म्हनत्यात सोड, त्या म्हनत्यात ताईला इचारल्याबिगर न्हाई."

आई आत पोहे भाजत होती. मी आत ओरडून सांगितलं, मैत्रिणीकडे जाते, आणि सुनेबरोबर सावेडीची वाट धरली. वाटभर मी मनात कोडं पुन्हा तपासत होते. कुठे चूक राहिली? उतरवताना एखादं अक्षर सुटलं का? घर जवळ येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, हे लिहायला मला आज लाज वाटते, पण लिहिलं नाही तर तुम्ही मला उगाच चांगली समजाल.

मावशी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात उशीवर. बोट ओळखू येत नव्हतं. चिंधी मांसात रुतली होती. डोळे तापाने तांबारलेले. मला पाहून त्या सावरून बसल्या. मला पाहून त्या सावरून बसल्या, याचंच मला पहिल्यांदा भय वाटलं.

"का गं ताई," त्या म्हणाल्या, "यंतर चुकलं व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आलं. सगळंच बरोबर आलं."

"मंग?"

मी चिंधी सोडायला लागले. गाठ सुटेना. शेवटी सुनेने विळ्याच्या टोकाने कापली. आणि तेव्हा माझ्या तोंडून निघालं, की मावशी, हे यंत्र नाही. कोडं आहे. पेपरात येतं. लोक गंमत म्हणून सोडवतात. यात काही नाही. म्हशीच्या शिंगाला बांधलं त्यातही काही नव्हतं.

मावशींचे मालक खाली बैल जुंपत होते, ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जुंपायला लागले. मावशींनी बोटावरची नजर माझ्याकडे वळवली.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"बुधवारी बी?"

"हो."

"म्या तर बुधवारीच जानार हुते," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बैलगाडीत आम्ही तिघं. मालक पुढे, मावशी आणि मी मागे कडब्यावर. दर हिसक्याला मावशींचा चेहरा पिळवटे आणि मी कापडाची पट्टी पाण्यात भिजवून मनगटावर ठेवत होते. ती सुरळी मी मुठीत धरली होती. निम्म्या वाटेवर मावशी म्हणाल्या, "वाच."

"काय?"

"काय लिवलंवतं माझ्या बोटाला ते वाच की. च्यार दीस वागवलंया म्या."

मी सुरळी उलगडली. शाई फुटली होती, पण मला सगळं पाठ होतं. मी वाचलं. वळण. कमळ. साप. रताळे. मगध. निरोप. ताक. तेहतीस शब्द होते, मी एकही गाळला नाही. शेवटी गप.

"येवढंच?"

"एवढंच."

"रताळं," मावशी म्हणाल्या. पुढे मालकांच्या पाठीला एक हिसका बसल्यासारखा दिसला. ते हसत होते की काय, मला कळलं नाही. मावशींनी डोळे मिटून घेतले. "आन् शेवटचं काय म्हनलीस?"

"गप."

"त्येवढं एक तुझ्यापायी लिवलंवतं बघ. ते तुझ्या तोंडाला बांधायचं हुतं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, इतके दिवस काय करत होतात. मालक माझ्याकडे बघायला लागले. माझ्या मुठीतली सुरळी घामाने भिजली होती. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

मावशी म्हणाल्या, "एका देवरुशी बाईनं कागुद बांधला हुता, बाई."

"कोण ही? नाव सांगा तिचं. अशा बायकांना धरून आणलं पाहिजे."

"लई म्हातारी हाय," मावशी म्हणाल्या. "डोस्कं चालत न्हाई तिचं. जाऊ द्या."

बोटाला चीर दिली. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून एकदाच आवाज आला, तो मी लिहीत नाही. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि मालकांना म्हणाल्या, की बोट राहील, पण आणखी दोन दिवस गेले असते तर मुळातून काढावं लागलं असतं, कदाचित हातही. मालक "व्हय" म्हणाले. मी बाकाच्या लाकडाची शीर नखाने कोरत राहिले.

परत निघताना मावशींनी मला एक काम सांगितलं. बाकीच्या तिघींकडे जायचं, लखोटे परत मागायचे आणि ह्यात काय न्हाई, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. "माझं नाव न्हाई घ्यायचं. तूच सांगायचं."

मी गेले. अर्धशिशीवाल्या बाईंनी लखोटा चुलीत टाकला आणि माझ्याकडे बघून दार लावलं. जावयाच्या सासूने मला वाटीत गूळ दिला, म्हणाली, तो आला होता परवा, पण रुसलेलाच आहे, म्हणून मीच तो लखोटा काढून टाकला. तिसरीकडे मात्र निराळंच झालं. सुनेला दिवस राहिले होते. सासूने लखोटा देव्हाऱ्यात ठेवला होता, वर हळदीकुंकू.

"यात काही नाही, काकू," मी म्हटलं. "हे पेपरातलं कोडं आहे. त्यात तीन शब्द तर चुकलेलेच आहेत."

"असू दे हो," काकू म्हणाल्या. "तुला काय कळतंय त्यातलं."

मी खूप सांगून पाहिलं. त्यांनी दिला नाही. वर मला पाया पडायला लावलं, त्या लखोट्याच्याच.

मावशी तीन आठवडे आल्या नाहीत. सून दूध घालायची, आणि आईने विचारलं की "गाडीत बोट चेमटलं" असं सांगायची. हे तिला कोणी सांगायला लावलं होतं ते मला ठाऊक होतं. मी रोज सकाळी परसात दारापाशी उभी राहायची. रांगोळीच्या डब्याला हात लावला नाही. शनिवारचा अंक यायचा आणि तसाच सोमवारी परत जायचा. वडील आईला म्हणाले, "मुलगी मोठी झाली." मुलगी दाराआड उभी राहून ते ऐकत होती आणि तिला मोठं होण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात मावशी स्वतः आल्या. नख गेलं होतं आणि बोट वरच्या पेरात वाकत नव्हतं, सरळ पुढे रोखलेलं राहायचं, पुढेही ते तसंच राहिलं. धार काढायला त्यांनी दुसरी धाटणी बसवली होती, अंगठा आणि बाकीची तीन बोटं. आई दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली होती, मी तिच्या मागे.

"आता बरंय का हो मावशी?" आईने विचारलं. "गाडीत कसं काय चेमटलं?"

मावशींनी माप चरवीत बुडवलं. ते ताठ बोट मापाच्या कडेवरून बाहेर आलेलं, नेमकं माझ्याकडे.

"चेमटलं," त्या म्हणाल्या. "हयगय झाली जरा. पोरीला भांडं धराया सांगा, तुमी कशाला वाकता."

मी भांडं धरलं. त्यांनी दूध घातलं, चरवी डोक्यावर घेतली आणि पुढच्या घरी गेल्या. लग्न होऊन नगर सोडेपर्यंत पाच वर्षं मी रोज सकाळी ते भांडं धरलं. आई म्हणायची, या मुलीला एवढं एकच काम न सांगता कळतं. मावशींनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी दोन थपडा खाल्ल्या असत्या आणि दुपारपर्यंत विसरलेही असते.